फियाटचं रबर आणि मुंबईचा पाऊस

मुंबईच्या फियाटचा इतिहास सांगायला बसलं, की तो एका ठरलेल्या वाटेने जातो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, पन्नाशीच्या सुरुवातीला इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. मग नाकाडामुळे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेलेली ११००, १९६४ पासून ‘डिलाइट’, १९७४ पासून ‘पद्मिनी’. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहणारी कुटुंबं, काळी-पिवळी टॅक्सी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. या सगळ्यात इंजिनाला मान मिळतो, चालकाला मिळतो, परमिट राज्याला तर फारच मिळतो. पण ही गाडी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं टिकली कशी आणि तिच्या हजारो बहिणी मध्येच भंगारात का गेल्या, हे विचारलं तर उत्तर इंजिनात सापडत नाही. इंजिन उतरवता येतं, बोअर करून पुन्हा चढवता येतं. कुजलेला पत्रा मात्र कापावाच लागतो. पत्रा कुजणार की नाही, हे ठरतं दाराच्या, काचेच्या आणि डिकीच्या कडेने फिरणाऱ्या रबरावर. गॅरेजमध्ये त्याला कुणी बीडिंग म्हणतं, कुणी नुसतं रबर. जुन्या फियाटच्या आयुष्याचा खरा हिशेब या रबराच्या वहीत लिहिलेला आहे आणि ती वही कारखान्यापेक्षा गल्लीतल्या हातांनी जास्त लिहिली, असं माझं म्हणणं आहे.

गाडीला रबर हवं, ही कल्पना स्वतः गाडीइतकी जुनी नाही. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या. वर कातड्याचा किंवा कॅनव्हासचा टप, बाजूला पडदे, आणि पाऊस आला तर आला. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींपैकी नऊ उघड्या असत. पुढच्या आठ-दहा वर्षांत हे प्रमाण जवळजवळ उलटलं. गाडी बंद झाली तेव्हा कुठे दार आणि चौकट यांच्यातली फट हा प्रश्न जन्माला आला. तोवर ही फट सुताराच्या हिशेबातली होती. बॉडीचा सांगाडा लाकडी, त्यावर पत्रा ठोकलेला, आणि फटीत नमदा, कातडं किंवा कापडात गुंडाळलेली दोरी. इतकंच काय, छपराचा मधला भाग १९३५ च्या सुमारापर्यंत अनेक गाड्यांत कापडाचाच असे, कारण तेवढ्या रुंदीचा अखंड पत्रा दाबून काढणं सोपं नव्हतं. चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर पक्कं करण्याची युक्ती १८३९ मध्येच सापडली होती. टायरच्या दुकानांच्या पाट्यांवरचा ‘व्हल्कनायझिंग’ हा शब्द तिथूनच आला. पण दाराच्या कडेला ते रबर खऱ्या अर्थाने पोचायला बॉडी पूर्ण पोलादी व्हावी लागली. पोलादाला लाकडासारखं फुगून फट बुजवता येत नाही. ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

फियाट ११०० च्या कथेत इथे एक निर्णायक वळण आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. १९५३ साली आलेली ११००/१०३ ही या मालिकेतली पहिली एकसंध बॉडीची गाडी. आधीच्या गाड्यांना खाली जाड चॅसिस असे आणि बॉडी तिच्यावर नटबोल्टांनी बसवलेली. तळाचा पत्रा सडला तरी गाडीचा कणा शाबूत राही. नव्या रचनेत वेगळा कणाच उरला नाही. तळ, दाराखालच्या पेट्या, चाकांवरचे पत्रे हे सगळं मिळून कणा. म्हणजे पायाखालच्या मॅटखाली आठवडाभर साचलेलं पाणी पूर्वी फक्त वास मारायचं, आता ते गाडीची हाडं पोखरू लागलं. दरवाजा सैल पडतो, बिजागरीपाशी चौकट खचते, मग दार नीट लागत नाही, म्हणून रबर आणखी दबतं किंवा आणखी सुटतं आणि आणखी पाणी आत येतं. हे चक्र एकदा सुरू झालं की वेल्डिंगवाल्याकडचं येणं-जाणं सुटत नाही. इटलीत ही रचना आली तेव्हा तिच्यापुढे तूरिनचा पाऊस होता. कुर्ल्याहून निघालेल्या गाडीपुढे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २,२०० ते २,३०० मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा, आणि उरलेले आठ महिने रबर भाजणारं ऊन होतं. आराखडा तोच, पण परीक्षा वेगळी.

या परीक्षेत रबराचं काम नेमकं काय, याविषयी एक गैरसमज जुना आहे. रबर म्हणजे पाण्यापुढची भिंत, असं आपण धरून चालतो. गाडी घडवणाऱ्यांनी तसं धरलेलं नव्हतं. दाराच्या काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, हे गृहीत होतं. म्हणून दाराच्या तळाशी ते बाहेर सोडणारी छोटी भोकं ठेवलेली असतात. दाराचं आतलं रबर ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही, छपराच्या कडेची पन्हळ वरचं पाणी दारावरून बाजूला नेते. कोकणातल्या घराला जशी पागोळी असते तशीच ही व्यवस्था आहे. कौलारू छपराने पाऊस कधी अडवला नाही, त्याने तो पायरीपासून दूर पाडला. मेअखेरीस घर शाकारणारा माणूस हे जाणतो की कौल सरकवताना पाण्याची वाट बुजली तर भिंतच पाझरू लागते. जुन्या गाड्यांत झालेली कितीतरी नासधूस अशी वाट बुजवण्यातून झाली आहे. गळतं म्हणून सिलिकॉनची नळी आणायची आणि दिसेल ती फट भरून टाकायची. त्यात दाराखालची भोकंही जातात. वरून गाडी कोरडी दिसते आणि दार आतून, डोळ्याआड, तळापासून कुजत येतं. म्हणून जुन्या गाडीचं रबर बदलताना पहिला प्रश्न ‘पाणी कुठून येतं’ हा नसून ‘पाणी कुठे जायला हवं होतं’ हा असतो.

आता रबर मरतं कसं ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर अवलंबून आहे. बोलताना आपण ‘रबर सुकलं’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण फसवा. रबर म्हणजे ओलावा उडून गेलेलं कातडं नव्हे. नैसर्गिक रबराच्या लांबलचक साखळीत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर हल्ला करून साखळी तोडतो. ताण असलेल्या जागी चिरा पडतात, आणि त्या नेहमी ताणाला आडव्या पडतात. म्हणून दाराच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी वळलेली असते, तिथे त्या सर्वांत आधी दिसतात. याचा सर्वांत नाट्यमय पुरावा लॉस एंजेलिसचा आहे. तिथे गाड्यांचे टायर इतर शहरांपेक्षा लवकर तडकतात, हे टायरवाल्यांच्या लक्षात आलं होतं. आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरावरच्या धुरक्याचा उगम शोधताना वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच ओझोनचं मोजमाप म्हणून वापरल्या; जितक्या लवकर चिरा तितका ओझोन जास्त. आणि हा ओझोन तयार होत होता मोटारींच्या धुरावर ऊन पडून. गाडी स्वतःच्याच श्वासाने आपलं रबर खात होती. चेंबूर-कुर्ल्याच्या वाहतुकीत अडकलेल्या फियाटला हा नियम लागू नव्हता, असं मानायला काही कारण नाही.

ओझोनखेरीज आणखी दोन मरणं आहेत. एक उष्णतेचं. ढोबळ मानाने दर दहा अंशांना रबराचं ऑक्सिडीकरण दुपटीच्या आसपास वेगाने होतं. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या छपराजवळचं रबर आणि सावलीतलं रबर यांच्या वयात म्हणून वर्षांचा फरक पडतो. दुसरं मरण दबून राहण्याचं. बंद दाराखाली महिनोन्‌महिने चेपलेली पट्टी दार उघडल्यावर पूर्वीच्या आकारात परत येत नाही, चेपलेलीच राहते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एक उलगडा होतो. टॅक्सीचं आणि खासगी गाडीचं रबर एकाच दुकानातलं असलं तरी ते एकाच कारणाने मरत नाही. टॅक्सीचं दार दिवसातून शंभर वेळा उघडतं, धाडकन लागतं, प्रवाशाच्या बुटाने, सामानाच्या कोपऱ्याने पट्टी फाटते, खोबणीतून बाहेर लोंबते. ते झिजून मरतं. रविवारी कापड बाजूला करून बाहेर काढली जाणारी घरची गाडी मात्र वापर नसल्याने मरते. जपलेली गाडी म्हणून ती विकत घेणाऱ्याला तिचं रबर टॅक्सीपेक्षाही कडक मिळालं, तर त्यात विरोधाभास काहीच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो व्यवहारी माणसाचा आहे: मग पट्टी बदलायची कशाला, तिला तेल-ग्लिसरीन चोळून पुन्हा मऊ करता येतंच की. येतं, चार दिवस. पण जे तुटलं आहे ते साखळीचे दुवे, आणि तेलाने दुवे जुळत नाहीत. खनिज तेल किंवा व्हॅसलीन नैसर्गिक रबरात शिरतं आणि ते फुगवतं. फुगलेली पट्टी भरीव दिसते, चिरा मिटल्यासारख्या वाटतात, विकणाऱ्याला तेवढं पुरतंही. पुढे मात्र ती मेणचट होऊन आणखी लवकर सुटते. सिलिकॉनचं ग्रीस तितकं बाधत नाही. चांगल्या पट्टीचं चिकटणं आणि घासणं ते कमी करतं, म्हणून त्याचा उपयोग जपण्यासाठी आहे, जिवंत करण्यासाठी नाही. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपण सैलपणे वापरतो. क्रोमवर पुन्हा पाणी चढवता येतं, गादी पुन्हा भरता येते, पत्रा ठोकून सरळ करता येतो. मेलेलं रबर परत आणता येत नाही, त्याच्या जागी त्याच आकाराचं नवं रबर घालावं लागतं. आणि तो आकार आला कुठून, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

तो आकार मुळात तूरिनहून आला होता. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशी स्वीकारल्या आणि ज्या कंपन्या इथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवणार नाहीत त्यांना देशात जागा उरली नाही. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली, कुर्ला राहिलं. या धोरणाची चर्चा नेहमी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या अंगाने होते, पण त्याचा परिणाम दाराच्या पट्टीपर्यंत पोचला. इटलीने आपली ११०० साठीचं दशक संपताना थांबवली. आपल्याकडे तिचीच बॉडी जुजबी फरकांनी शतक संपेपर्यंत निघत राहिली. म्हणजे तीसेक वर्षं या गाडीचं रबर मिळण्याची हमी देणारा मूळ देश त्या व्यवसायात नव्हताच. जे काही होतं ते इथेच होतं: कारखान्याला माल देणारे, त्यांच्या मागे बाजाराला माल देणारे, आणि त्यांच्याही मागे ‘ओरिजिनल’चा नमुना समोर ठेवून ‘लोकल’ काढणारे.

आणि इथे रबराच्या दोन जातींमधला फरक फार महत्त्वाचा ठरतो. दाराची लांब पट्टी साच्यात ओतत नाहीत. पोलादी चकतीत त्या पट्टीच्या छेदाचं भोक कापलेलं असतं आणि त्यातून कच्चं रबर शेव काढावी तसं दाबून काढतात, मग वाफेच्या भांड्यात पक्कं करतात. ती चकती स्वस्त असते. जुन्या गाडीतून उपटलेल्या पट्टीचा एक तुकडा आडवा कापला की छेद समोर दिसतो, आणि कुशल कारागीर त्यावरून चकती करू शकतो. पुढच्या काचेच्या रबराचे गोल कोपरे, किंवा दाराच्या तिकोनी काचेभोवतीचं वेडंवाकडं रबर यांना मात्र खरा साचा लागतो. साचा महाग, आणि शे-दोनशे नगांसाठी तो कोण करणार? म्हणून बाजारात सरळ पट्टी मीटरवर मिळते. कोपरे कापून, सोल्यूशन लावून जोडावे लागतात. बदललेल्या रबराची गाडी गळू लागली की ती बहुधा याच जोडावर गळते. मिस्त्रीचा दोष म्हणून ते सोडून देणं सोपं आहे, पण दोष साच्याच्या अर्थशास्त्रात आहे. कारखाना बंद झाल्यावर छेद गल्लीत जिवंत राहिला, कोपरा राहिला नाही.

पुढची काच बसवण्याची पद्धत या गल्लीतल्या ज्ञानाचा सर्वांत देखणा नमुना म्हणायला हवा. अलीकडच्या गाड्यांत काच सरळ पत्र्याला चिकटवतात. फियाटच्या काळात ती रबराच्या चौकटीत बसे आणि त्या चौकटीची दुसरी खोबण बॉडीच्या कडेवर. आधी काचेला रबर चढवायचं. मग बाहेरच्या खोबणीत सगळीकडून मजबूत सुतळी बसवायची, दोन्ही टोकं तळाशी एकमेकांवर थोडी चढवून आत सोडायची. साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवायची. बाहेरून एक जण तळव्याने थोपटत दाबतो, आतला एक जण सुतळीचं टोक चौकटीला समांतर ओढत जातो, आणि सुतळी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसतो. घाईने ओढली तर ओठ चिरतो, काच तिरकी धरली तर ती तडकते. याला अवजार म्हणाल तर एक दोरी. पण कुठे किती दाब, हे दोघांमधल्या एका शब्दाविना चालणाऱ्या संवादातूनच ठरतं. ही रीत जगभरच्या गॅरेजांत होती, त्यावर मुंबईचा हक्क सांगण्यात अर्थ नाही. फरक इतकाच, की इतरत्र ती रीत मागे पडली तेव्हाही मुंबईला तिची रोज गरज होती.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. अस्सलपणा जपायचा असेल तर मूळच्या प्रकारचंच रबर हवं. आजचं ईपीडीएम हे कृत्रिम रबर घातलं की ती गाडी त्या काळची राहते का? ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोनला तिथे दात रोवायला जागाच मिळत नाही. ऊन-पावसात ते नैसर्गिक रबराच्या कितीतरी पट टिकतं, आणि आजच्या गाड्यांच्या दारांत बहुतेक तेच असतं. ते बाजारात आलं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे ‘डिलाइट’च्या जन्माच्या वेळी. त्याच्या मुळाशी असलेलं संशोधन मिलानच्या जूलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यांना १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत नोबेल मिळालं. तूरिनची गाडी आणि मिलानचं रबर, मध्ये दीडशे किलोमीटरही नाहीत. तेव्हा ‘परकं’ रबर हा युक्तिवाद भूगोलाच्या अंगाने तरी टिकत नाही. पण माझं खरं उत्तर वेगळं आहे. रबर ही संपणारी वस्तू आहे, टायरसारखी, वायपरच्या पात्यासारखी. तीस वर्षं रस्त्यावर राहिलेल्या कुठल्याही फियाटने आपलं पहिलं रबर केव्हाच गमावलेलं असतं. त्या जागी जे आलं ते कधी कारखान्याचं, कधी गल्लीतलं, कधी कडक, कधी पोकळ. अस्सल म्हणून जपण्यासारखं त्यात काही असेल तर तो छेद, म्हणजे ओठाची जाडी, खोबणीची खोली, पोकळीचा व्यास. छेद चुकला आणि रसायन अगदी १९६४ चं असलं, तरी दार लागणार नाही किंवा पाणी आत येईल. छेद बरोबर असला तर रसायन बदलल्याने गाडीचं काही बिघडत नाही, उलट तिचा मूळ पत्रा वाचतो. आणि मूळ पत्रा विरुद्ध मूळ रबर अशी निवड आली, तर त्यावर वाद घालण्यासारखं फार उरत नाही. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. तेच ईपीडीएम पेट्रोल-तेलाच्या संगतीत फुगतं, म्हणून ते दाराला योग्य असलं तरी पेट्रोलच्या नळीला नाही. ‘चांगलं रबर’ असं नुसतं म्हणून भागत नाही, कुठल्या जागेसाठी चांगलं ते सांगावं लागतं.

शेवटचा आक्षेप इतिहासकाराचा. पद्मिनीला गंजाने मारलं नाही, कायद्याने मारलं. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा ठरली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. हे खरंच आहे. पण कायद्याने शेवटची तारीख दिली. त्या तारखेपर्यंत कोण पोचणार, हे कायद्याने ठरवलं नव्हतं. त्या तारखेआधी ज्या हजारो पद्मिनी गेल्या, त्यांतल्या कितींना आरटीओने आणि कितींना मॅटखालच्या पाण्याने हटवलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये असणार नाही, कारण भंगारवाल्याच्या वजनकाट्याला कारण विचारायची सवय नसते. ज्या खासगी पद्मिनी आज उरल्या आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र रबराचाच निकाल अंतिम आहे, आणि त्यांच्यापुढचा धोका आता पाऊस कमी आणि गॅरेजचा काळोख जास्त आहे. दिवसाला शंभर वेळा दार आपटणारे प्रवासी गेले. आता नवी, अचूक छेदाची पट्टी बंद दाराखाली महिनोन्‌महिने चेपून पडते. म्हणून जाणते लोक अशी गाडी आच्छादनाखाली ठेवताना चारही दारं पूर्ण लावत नाहीत, पहिल्या खाचेवर सोडतात, आणि काचा बोटभर खाली घेतात.